कोरं मॅग्नेट

कोचच्या पांढऱ्या बोर्डावर प्रत्येकीच्या नावाचं मॅग्नेट होतं. माझं कोरं. "तुझं नाव त्यावर मावत नाही," तो म्हणाला. माझं मॅग्नेट उचलून त्याने विरुद्ध टीमच्या नऊ नंबरला चिकटवलं. "ती जाईल तिथे तू जायचं. बॉलकडे बघायचंही नाही. तुला बॉलची गरज नाही." मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

डार्विनमधली आमची ही बायकांची फुटी टीम, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. सीझन ऐन पावसाळ्यात. भिजलेला लांबट बॉल हातात ठरत नाही. मी इथल्या गॅस प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर आहे. पाइपात दाब कुठे कमी होतोय, हे दिवसभर बघणं हेच माझं काम. आमच्या मिडफिल्डमध्ये तो कुठे कमी होतोय, ते मला दुसऱ्याच मॅचला दिसलं. अंपायर मधोमध बॉल आपटून उंच उडवतो, दोन्हीकडची एकेक उंच मुलगी तो टोलवायला उडी मारते, आणि आमच्या तिन्ही मिडफिल्डर एकदम पुढे धावत सुटतात. मागे, आमच्या गोलच्या बाजूला, कोणीच नाही. बॉल समोरच्या टीमला मिळाला की त्यांना रान मोकळं. एकीने मागे थांबायला हवं, असं मी कोचला आदल्या आठवड्यात ट्रेनिंगला सांगितलं होतं.

"क्रिकेटबद्दल काही विचारायचं असेल तेव्हा तुला विचारेन, मेट."

हॉस्पिटलमधले एक पुण्याचे डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांची मुलगी ज्युनिअर टीममध्ये खेळते. गाडीपर्यंत येऊन त्यांनी मला समजावलं, "अगं, टीममध्ये घेतलं हेच काय कमी आहे? ॲडजस्ट कर."

वाक्य ओळखीचं होतं. माझे वडील पुण्यात एका कॉलेजात शिपाई होते. रजिस्टर छातीशी धरून प्राचार्यांच्या चार पावलं मागून चालायचे. तुमच्या लोकांना नोकरी दिली हेच काय कमी आहे, असं त्यांनाही ऐकवलं जायचं. ते गुमान मान हलवायचे. डॉक्टरांसमोर मीही हलवली.

तर मॅग्नेट चिकटवलं त्या दिवशीची मॅच. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मी नऊ नंबरला सोडलं नाही. तिला बॉल मिळू दिला नाही. तरी गोल होतच होते, त्याच मोकळ्या जागेतून. मग एकदा बॉल घरंगळत थेट माझ्या बुटांपाशी आला. आसपास कोणी नाही. मी वाकले नाही. नऊ नंबरकडे बघत राहिले. सांगितलं होतं ना. त्यांची दुसरीच एक मुलगी धावत आली, माझ्या पायाशी वाकली, बॉल घेऊन गेली. गोल.

नऊ नंबर माझ्याकडे बघतच राहिली. "तो तुझा होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मला तोंडात मारल्यासारखं झालं. कोणी मला धरलं नव्हतं, अडवलं नव्हतं. पायाशी चालून आलेलं मी स्वतःहून सोडलं होतं. संताप आला. आधी स्वतःचा.

ब्रेकमध्ये कोचने बोर्ड पुढे ओढला. "तो गोल कोणामुळे झाला?" आणि माझ्या कोऱ्या मॅग्नेटवर टिचकी मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पुढे झाले. मॅग्नेट काढलं. मार्कर घेऊन त्यावर माझं नाव लिहिलं, पूर्ण, सगळ्यांना वाचता येईल असं. मावलं. मग ते मागच्या मोकळ्या जागेत लावलं.

"परत तिकडे लाव ते."

"नाही. मी इथे खेळणार."

"मग बेंचवर बस."

बसले. मागची जागा शेवटच्या क्वार्टरमध्येही मोकळीच राहिली. आम्ही हरलो. माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मेसेज आला, सॉरी म्हणून टाक. मी तो डिलीट केला.

मॅचवरून येताना मॅग्नेट मी सोबत घेऊन आले होते. मंगळवारी ट्रेनिंग आहे आणि मी जाणार आहे. ते त्याच जागी लावणार. त्याने काढलं तर पुन्हा लावणार. टीममधून काढायचं असेल तर सगळ्यांसमोर, माझं पूर्ण नाव घेऊन काढावं लागेल. आणि मैदानावर असेन तोवर कोणाच्या मागे धावणार नाही. पायाशी आलेला बॉल मी उचलणार.