शब्द न कळलेली अंगाई

गाणं आवडलं की गेटवरचे आबा सगळं काम विसरत. समोर साहेबाची गाडी असो की मालाचा ट्रक, कडवं संपेपर्यंत गेट उघडत नसे. कुठल्याही गाण्याविषयी त्यांचा एकच प्रश्न असे, "कुणासाठी म्हणलंय?"

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात ते वॉचमन होते. उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली, मेंढरं विकल्यावर ही नोकरी. एका वर्षी मशीन बसवायला कोरियाहून एक इंजिनिअर आले. जेवणाच्या सुट्टीत ते गेटजवळच्या कडुलिंबाखाली एकटेच बसून मोबाइलवर एका बाईचा आवाज ऐकत. हळू, तेच तेच सूर. मला वाटलं, प्रार्थना असेल.

"प्रार्थना न्हाय," आबा म्हणाले. "घरी तान्हं लेकरू हाय त्यांच्या. झोपवायचं गाणं हाय हे."

"तुम्हाला त्यांची भाषा कळते?"

"भाषा कशाला? तिचा दम ऐक की. थोपटत थोपटत म्हणतीया."

मी मोडक्या इंग्रजीत त्या कोरियन साहेबांना विचारलं. त्यांचे डोळेच भरून आले. ते इकडं आल्यावर मुलगी झाली होती. अजून तिला हातात घेतलं नव्हतं. आवाज त्यांच्या बायकोचा होता.

मी हे आबांना सांगितलं. मग त्यांनी खूण करून साहेबांना मोबाइल जवळ धरायला लावला आणि एक अंगाई म्हटली. साहेबांनी ती घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गालाखाली हात ठेवून दाखवलं, झोपली!

"रेड्यागत आवाज माझा, अन् पोरगी झोपली?" आबा लाजून म्हणाले.

सगळंच काही असं जुळलं नाही. साहेबांच्या एका गाण्यावर आबांनी मान खाली घातली, "कोण वारलं?" म्हणाले. ते लग्नातलं निघालं. आबा पोटभर हसले. "चुकलं माझं. समदं न्हाय कळत. पर काळजाला लागलं, ते खोटं न्हाय."

मागच्या वर्षी आबा गेले. घरी भेटायला गेलो तेव्हा मी त्यांच्या बायकोला, काकूंना, त्या अंगाईची हकीकत सांगितली. आठवली ती ओळ म्हणूनही दाखवली.

"ते गाणं म्हणलं त्यांनी?" काकूंनी विचारलं. "आमच्या थोरलीला म्हणायचं. दीड वरसाची हुती, मेंढरांच्या तळावरच गेली. मागनं तीन पोरं झाली, पर ते गाणं कुणाला म्हणलं न्हाय."

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"त्या साहेबांची लेक बरी हाय नव्हं?"

"बरी आहे. शाळेत जाते आता."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "लई शिकू दे."