लाल दोऱ्याचा कप

जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या शाळेत मी मुलींना भूगोल शिकवत होते, तेवढ्यात आमचे घरमालक सरदारजी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. राजा पार्कमधल्या घरापासून बसने एवढ्या लांब ते स्वतः आले, यातच मला कळायचं ते कळलं. "बहनजी, घर चलिए," एवढंच म्हणाले. आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मग मी विचारलं, "मंजू कहाँ थी?" "वहीं थी जी. अपने पापाजी का हाथ पकड़के बैठी थी." ... मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. सख्खा भाऊ गेल्याची बातमी ऐकून बरं वाटणारी बहीण म्हणजे कशी बाई, असं कुणाला वाटेल, म्हणून हे सगळं सांगते आहे.

चौपन्न साली दादाची जयपूरच्या विमा कचेरीत बदली झाली. मागोमाग मीही नोकरी शोधत आले ती त्याच्याच घरी राहिले. मंजू ही त्याची एकुलती एक लेक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. शाळा हिंदी, शेजार पंजाबी, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे निव्वळ भेळ. दादा कचेरीतून आला की अंगणातल्या खाटेवर तिला शेजारी घेऊन बसायचा. आपल्या बशीतला चहा तिला पाजायचा आणि मराठी पुस्तक मोठ्याने वाचून घ्यायचा. ती बोलताना 'मतलब' म्हणाली की तिचा कान धरायचा, आणि पुढच्याच मिनिटाला सरदारजींशी बोलताना स्वतः चार वेळा 'मतलब' म्हणायचा. दुसऱ्या हातात सिगरेट असायचीच. "दादा, गिरणीची चिमणीसुद्धा तुझ्यापेक्षा कमी धूर सोडते," मी म्हणायचे. "चिमणीला बहीण नसते ना, म्हणून," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी जयपूरच्या धुळीला नावं ठेवली. आवाज बसला तेव्हा वहिनीने ज्येष्ठमध दिलं. शर्ट ढगळ होऊ लागले, जिना चढताना तो मध्येच थांबू लागला, आणि एका सकाळी रुमालावर रक्त दिसलं. एक्स-रेमध्ये छातीत डाग निघाला. खोकल्यातून रक्त म्हणजे क्षय, याखेरीज दुसरं काही तेव्हा कुणाच्या मनातच येत नसे. थुंकीत जंतू काही सापडले नाहीत, तरी इंजेक्शनं सुरू झाली. वहिनी मोठी खबरदार बाई. तिने त्याचं ताट-वाटी वेगळं केलं, कपडे उकळायला घेतले. घरातले कप सगळे एकसारखे, पांढरे, निळ्या काठाचे. म्हणून त्याच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. मंजूला खोलीत जायची सक्त मनाई झाली.

मग ती उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचू लागली. दादाचा आवाज दारापर्यंत पोचत नसे. ती चुकली की तो चमच्याने कपावर टकटक करायचा. ती थांबायची, वाक्य सुधारायची, पुढे जायची. हे ऐकताना मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत बसायचे. क्षय बरा होतो, हे आम्ही एकमेकांना सांगत होतो; पण दादा बरा होत नव्हता. खांदा ठणकू लागला, बोटांची टोकं फुगून गोल झाली.

शेवटी मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. योगायोगाने ते मराठी निघाले. त्यांनी घशातून नळी घालून तपासणी केली आणि निकाल सांगायला आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, फुप्फुस माझं आहे. माझ्यासमोर बोला."

डॉक्टर बसले आणि शांतपणे बोलले. हा क्षय नव्हे, फुप्फुसाचा कॅन्सर. गाठ आवाजाच्या नसेवर दाबते म्हणून आवाज गेला. श्वासाची नळी अडवते म्हणून धाप लागते. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. "सिगरेटमुळे का?" मी विचारलं. "आता तसंच दिसायला लागलंय," म्हणत त्यांनी टेबलावरचं आपलं पाकीट खणात टाकलं. वहिनीने पदर तोंडाला लावला होता. दादा मात्र पुढे सरकून बसला.

"म्हणजे हे दुसऱ्याला लागत नाही?"

"नाही. मुळीच नाही."

"माझी मुलगी जवळ बसली तरी?"

"खुशाल बसू द्या."

दादा हसला. हसताना आवाज आला नाही, पण खांदे हलले. ज्या शब्दाने माणसं खचतात, तो ऐकून माझा भाऊ सुटका झाल्यासारखा दिसत होता. असं हसू मी पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर वहिनीने आधी तो लाल दोरा दातांनी तोडला. मंजू उंबऱ्यात उभी होती. "आई, मतलब... मी आत जाऊ?" त्या दिवशी तिचा कान कुणी धरला नाही. मुंबईला किरणांचा शेक घेतला तर थोडा आराम पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाने नको म्हटलं, कारण तेवढे दिवस मंजूपासून लांब राहावं लागलं असतं. सिगरेट त्याने त्याच दिवशी सोडली, उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून स्वतःच चेष्टा करत. पुढचे महिने सोपे नव्हते. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, तो उशांवर ओणवा बसून राहायचा. पण पाठीशी मंजू असायची, आणि बशीतला चहा दोघांत असायचा. स्पष्ट बोलणाऱ्या त्या डॉक्टरांची मी जन्मभर ऋणी आहे. त्यांना माझा भाऊ वाचवता आला नाही, पण त्याची मुलगी त्यांनी त्याला परत दिली.

परवा मला वाटलं, दादाचा कप आठवण म्हणून वेगळा काढून ठेवावा. फडताळातले सगळे कप ओट्यावर मांडले, कान तपासले, उजेडात धरून पाहिले. सगळे सारखेच. वहिनीलाही ओळखता येईना. तेवढ्यात बाहेर खाटेवर मंजू पुस्तक घेऊन बसली आणि मोठ्याने वाचू लागली. एका शब्दाला अडखळली आणि भलताच उच्चार करून पुढे निघाली... मी हाताला लागला तो कप उचलला आणि चमच्याने टकटक केली. ती थांबली, वाक्य सुधारलं आणि पुढे वाचू लागली.