चूलबंद आवतण

आवतण द्यायला आले की आबा उंबऱ्याबाहेर उभे राहून घसा साफ करायचे आणि एरवी मला 'पोरी' म्हणणारे ते एकदम 'तुम्ही'वर यायचे. "उद्या सांच्याला टाकीजवळच्या घरी नातवाचं जावळ हाय. तुम्ही चूलबंद या." एवढं बोलून पुढच्या दाराकडे. पाणी विचारलं तरी थांबायचे नाहीत.

शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला कांद्याच्या रानात प्लॉट पडले आणि जुन्या वस्तीला लागूनच आमच्यासारख्या कंपनीतल्यांसाठी खोल्या उठल्या. मी परभणीकडची, एकटी, एका शेगडीची मालकीण. आबा शेजारच्या घरातले. वस्तीत कुणाकडेही कार्य असलं की घरोघर आवतण सांगायचं काम त्यांचं. ते त्यांना कुणी दिलं होतं ठाऊक नाही, बहुधा त्यांनीच घेतलं असावं. सुनेने एकदा सुचवलं, मोबाईलच्या ग्रुपवर टाकून द्या. आबा म्हणाले, "मग जेवान बी ग्रुपवरच वाढा."

पहिल्याच आवतणाला मी घोळ घातला. चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं आणि त्या वेळी घरी चूल पेटवायची नाही, हे मला कुठे माहीत? अनोळखी पंगतीत लाजून अर्धपोटी उठावं लागेल म्हणून मी आधी थोडा भात टाकला. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला आबा दारात हजर.

"आवतान पोचलं न्हाई का?"

"पोचलं, आबा."

"मग ह्यो काय वाजतोय?"

पुढे आठवडाभर मी दिसले की ते सुनेला मोठ्यांदा विचारत, "आज किती शिट्ट्या झाल्या गं?" शेवटी मी वैतागून म्हटलं, "आबा, एकट्या माणसाचं कसलं घर आणि कसली चूल?" तेव्हा मात्र ते खरंच चिडले. "आत दहा राहूंदे न्हाईतर एक. उंबरा त्यो उंबराच."

मग आई आली, ती मला परत न्यायलाच. "उद्या आजारी पडलीस तर इथं कोण आहे तुझं? नोकरी सोड, घरी चल." तीन दिवस हेच पालुपद. नोकरी मला सोडायची नव्हती, पण तिचा प्रश्नही खोटा नव्हता. तिने माझे कपडे बॅगेत भरायला घेतले आणि मी नुसती बघत बसले.

चौथ्या दिवशी दारात घसा साफ झाला. आबांनी आवतण सांगितलं, तशी आई म्हणाली, "अहो, हिला आता कशाला आवतण? सोमवारी नेतेय मी हिला."

आबा पहिल्यांदाच थांबले. "न्या की, लेक तुमची हाय. पर आवतान मानसाला न्हाई, घराला हाय. घर मोडनार आसाल तर तसं सांगा. म्हंजी उद्यापासनं ह्यो उंबरा मी गाळतो."

आई गावातच वाढलेली. आवतणातून उंबरा गाळला की ते घर वस्तीच्या लेखी उरत नाही, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी माझ्या आधी तीच तयार होऊन पंगतीला निघाली, आणि सोमवारी एकटीच एसटीत बसली. जाण्यापूर्वी बाजारातून तिने बारा माणसांच्या भाजीचं पातेलं आणलं. ते ठेवल्यावर माझी शेगडी दिसेनाशी झाली. "लोकांकडे जेवतेस, तर कधी लोकांना जेवू घाल," म्हणाली. एसटी गेल्यावर मला रडू आवरलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी आबांच्या दारात जाऊन अगदी त्यांच्यासारखा घसा साफ केला. सूनबाई पदरात हसायला लागल्या.

"आबा, आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला. चूलबंद."

मला वाटलं, आता शिट्ट्यांचा विषय निघणार. पण आबा "थांबा" म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते धुतलेली टोपी घालून. उंबऱ्याच्या आत ताठ उभे राहिले. "हां. आता सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"जल्मभर आवतान देत आलो," आबा हळूच म्हणाले. "माज्या दारात येऊन कुनी दिलं न्हाई. म्हनायचे, आबाला काय सांगायचं, त्येलाच सगळं ठावं." मग आवाज चढवून, "येतो आमी. समदी येतो!" आणि आत वळून सुनेवर ओरडले, "आगं, गॅस बंद कर!"

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि सूनबाईंचा चहा अजून उकळायचा होता.