पत्र्यावरची वानरं

बारावीला लातूरच्या क्लाससाठी आलेल्या आम्ही सहा जणी एका खोलीत राहायचो. मी सगळ्यांना औशाची म्हणून सांगितलेलं. अगदीच खोटं नव्हतं, तालुका तोच. पण भूकंपात आमचं अख्खं गाव बसलं हे मी बोलायचे न्हाई. आधीच्या मेसमध्ये एकदा बोलून बसले, तर एक पोरगी फटकन म्हणाली, "तुमचं बरंय बाई, तुम्हाला ॲडमिशनला भूकंपग्रस्ताचा दाखला हाय!" माझा तान्हा भाऊ ढिगाऱ्यात गेला, आणि हिला दाखला दिसला! तेव्हापासून तोंड शिवून घेतलं.

एका रविवारी टेस्ट रद्द झाली, म्हणून आम्ही जीप करून उदगीरच्या पुढचं एक पडकं देऊळ बघायला गेलो. नंदीला तोंड न्हाई, कळस निम्मा जमिनीवर, आणि जिकडं तिकडं वानरं. एकीच्या हातातली केळी त्यांनी अशी हिसकली की हसून हसून पोट दुखलं. लई दिवसांनी मी एवढी हसले होते.

ऊन चढलं तसे सभामंडपात डबे उघडले. मूळचं छत कधीच पडलेलं. गावकऱ्यांनी वर पत्रे टाकून, ते उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. पहिला घास तोंडात, तोच वानरांची टोळी धडाधड पत्र्यावर उतरली. दगड गडगडले, वरून माती आली.

"भूकंप! पळा! आई, बाळाला घे, बाळाला घे गं!"

डबा लाथाडून, अनवाणी, ओरडत मी थेट बाहेरच्या शेतात. मागून हशा पिकला. "अगं वानरं हायती, वानरं!" आणि एकीनं विचारलंच, "बाळ कोण गं?"

शी! कान नुसते तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणायचीही आमच्यासारख्यांना सोय न्हाई.

तोंड लपवायला वळले, तर माझ्याही पुढं, भिंतींपासून पार लांब, खोलीतली माझी शेजारीण उभी होती. मी मुदखेडची, वडील रेल्वेत, असं सांगणारी. ती माझ्याआधीच पळाली होती. मी ओरडले म्हणून कोणाचं तिच्याकडं लक्षच गेलं नव्हतं. तिचे दोन्ही हात डोक्यावर होते.

मला बघताच तिनं ते झटकन खाली घेतले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायला लागली. "काय येडी हाय ही! वानरांना भूकंप म्हणती!"

बाकीच्या हसत हसत आमच्याकडं येत होत्या. तिचे पाय अजून लटलटत होते.

"हाव, येडीच हाय मी," मी म्हणाले, आणि ते पाय कोणाला दिसू नयेत म्हणून तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.