दाराबाहेरचा कावळा

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत आमची बालवाडी एका खोलीत भरते. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, त्यामुळे गोष्ट ओरडूनच सांगावी लागते. त्या आठवड्यात मी चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतली होती. शेणाचं आणि मेणाचं अशी दोन घरं करून मुलांनी त्यांवर तांब्याने पाणी ओतलं. शेणाचं वाहून गेलं तशी सगळी नाचली. मग सुताच्या मोठ्या खोक्यातून चिमणीचं घर कापलं. कावळ्याने ठोठावायचं, चिमणीने आतून "थांब, बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते, अंगडं घालते" असं सांगत त्याला थांबवायचं. मुलांना सकाळची कामं क्रमाने सांगता यावीत, एवढाच माझा हेतू.

चिमणी व्हायची पाळी एका चार वर्षांच्या मुलीची आली. तिची आई शेजारच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती मुलीला घेऊन नुकतीच वेगळी राहू लागली होती. कावळा झालेल्या मुलीने खोक्यावर थाप मारली. आतून आवाज नाही. दुसरी थाप पडली तशी ही बाहेर झेपावली आणि हातातला लाकडी ठोकळा तिने कावळ्याच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. मी ठोकळा हिसकावला तर माझ्या मनगटात तिचे दात रुतले.

"अगं, खेळ आहे हा!"

"वो मारेगा," ती म्हणाली.

शनिवारी तिचा बाप खरंच आला. आधी हाका, मग दारावर मुठी.

"मेरी लडकी को बाहर भेज!"

आमच्या मदतनीस मावशी शेलार गावच्या. त्यांनी कडी घातली आणि पाठ दाराला लावली. "उघडायचं न्हाय बाय. दारू पिऊन आलाय त्यो."

मुलगी खोक्यात शिरली होती. मी कारखान्यातल्या मुकादमाला फोन लावत होते. तेवढ्यात एका पोराला वाटलं, खेळ सुरू झाला. तो ओरडला, "थांब, बाळाला न्हाऊ घालते!" मग सगळीच ओरडायला लागली. थांब, पावडर लावते. थांब, अंगडं घालते. बाहेरच्याला वाटलं, आम्ही त्याची थट्टा करतोय. तो लाथा घालू लागला. दोन लाथांत कडीचे स्क्रू निघाले आणि दाराच्या धक्क्याने मावशी आत पडल्या.

त्याने खोकं उलटं करून मुलीला दंडाला धरून ओढलं. मी तिच्या कमरेला मिठी मारली. त्याचा ठोसा माझ्या डाव्या कानावर बसला. डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं, पण मिठी सुटली नाही. मुलगी दोघांच्या मध्ये ताणली जात होती. मावशींनी उठून पाण्याची स्टीलची कळशी त्याच्या मनगटावर घातली, तेव्हा त्याचा हात सुटला.

तोवर कारखान्यातली माणसं आली. त्यांनी त्याला उंबऱ्यावरच पाडलं आणि बुकललं. चपलांनी, लाथांनी. एकाच्या हातात लूमची लाकडी फळी होती. त्याचा ओठ फाटला, दात पडला. "बेटी है मेरी," तो म्हणत राहिला. मुलं टक लावून बघत होती. मी त्यांना आत वळवायला हवं होतं. पण कान ठणकत होता आणि मला वाटत होतं, अजून मारा.

आई धावत आली, केसांत कापसाचा भुगा. सगळ्यांना वाटलं, ती मध्ये पडेल. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला ओलांडून आत आली आणि मुलीचा दंड चाचपू लागली. दंड सुजला होता, मोडला नव्हता.

पोलीस त्याला घेऊन गेले. माझ्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू भरेल.

मी परत कामावर आले तेव्हा पोरं एक नवा खेळ खेळत होती. एकाने आडवं पडायचं, बाकीच्यांनी त्याला तुडवायचं. मी ओरडले, तो खेळ कोपऱ्यात सरकला, पण थांबला नाही. शेवटी मीच चिमणीचं घर पुन्हा बाहेर काढलं.

"मैं कौवा," ती मुलगी म्हणाली.

तिने ठोठावलं नाही. दोन्ही मुठी आपटल्या आणि बापाच्याच आवाजात "खोल!" म्हणून किंचाळली. आतली चिमणी रडत बाहेर पळाली. मावशी पुढे झाल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. तिने खोक्याला लाथा घातल्या, भिंती फाडल्या, छपरावर उड्या मारल्या. घर सपाट झालं तेव्हा धापा टाकत त्याच्यावरच बसली.

"टीचर, पानी," ती म्हणाली.

मी तिला पाणी दिलं.