साखरूचे कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. गोष्ट मांजराची आहे, तुम्ही हसाल — हसा खुशाल.

मी साताऱ्याची. चेन्नईत एग्मोरजवळच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. शाळेच्या मागे एक पिल्लू सापडलं — पांढरंशुभ्र, दोन्ही डोळे निळे! अशा मांजरांत रंगाच्या पेशी पुष्कळदा डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत, कानाच्या आतही नाहीत, आणि मग ती बहिरी निघतात. सगळीच नाही हं. म्हणून मी तिच्या पाठीमागे उंचावरून स्टीलचं ताट टाकलं. तिनं पंजा चाटायचं थांबवलंसुद्धा नाही. खरं सांगू? मला आनंद झाला.

आमच्या घरमालकाला मांजर चालत नाही. तळमजल्यावरच्या अक्कांचं घर स्वतःचं, त्यांनी तिला हौसेनं मागून घेतलं. त्या तंजावरकडच्या मराठी, एकट्याच राहतात, नातवंडं सगळी तमिळ बोलणारी. "मराठीत बोलायला कोणी नाही गे, हिच्याशी बोलेन," म्हणाल्या. आणि मी? ती बहिरी आहे हे सांगितलंच नाही. सांगितलं आणि नको म्हणाल्या तर — हिची पिल्लं मला कुठून बघायला मिळणार? त्यांचे डोळे कसे निघतील?

अक्कांनी तिचं नाव साखरू ठेवलं, ती मोठी झाली, तिला पिल्लं झाली. दोन पट्टेरी, एक पांढरं — त्याचा एक डोळा निळा, दुसरा पिवळा! मी रोज खाली जाऊन टाळ्या वाजवायचे. कुठूनही वाजवा, ते पिवळ्या डोळ्याच्या बाजूलाच वळायचं — निळ्या बाजूचा कान बहिरा. काय गंमत वाटायची मला!

आणि अक्का हाका मारत असायच्या — "साखरू, ये गे." साखरू पाठ करून बसलेली.

एक दिवस त्या म्हणाल्या, "आमचं मराठी जुनं, मोडकं. तिला कळत नाही की काय? तू तिकडची, तू बोलून पाहा."

तेव्हा तरी? एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या टाळ्या अजून संपायच्या होत्या — मी साखरूच्या समोर जाऊन बसले, अक्कांकडे पाठ करून. बोटं हलवली आणि म्हटलं, "ये गं साखरू." ती बोटं बघून धावत आली. अक्कांना बोटं दिसली नाहीत.

"बघ," एवढंच म्हणाल्या, आणि हसल्या.

तेव्हापासून त्या साखरूशी तमिळ बोलतात. मला जिन्यात रोज विचारायच्या, "जेवलीस का गे?" आता विचारतात, "साप्टिया?" मी "साप्टेन" म्हणते आणि वर जाते.