फळ्यांखालचा नाटककार

आज सूनबाईनं सुके बोंबील भाजले आणि मी साठ वर्षं मागं, मसोलीतल्या एका स्टेजखाली जाऊन पडलो.

माझं पहिलं नाटक. लिहिता येत नव्हतं. मी बोललो, मास्तरांनी उतरवलं. सगळं तोंडपाठ म्हणून प्रॉम्प्टर मीच. बाजाराच्या दिवशी भर दुपारी मला फळ्यांखाली बसवलं आणि वरून शेवटची फळी ठोकली. नाटक संपेपर्यंत सुटका नाही.

दुसऱ्या अंकात मुलगी माहेरच्या दारात येते, तिथं बाप झालेला दत्तू अडला. माझ्या डोक्यावर पाय आपटून म्हणाला, "सांग ना रे." आणि माझंच वाक्य मला आठवेना. लोक हसले. मग फटीतून पाय दिसायला लागले, उठून जाणारे. पळायला वाट नव्हती. तिथंच शपथ घेतली, पुन्हा नाटकाचं नाव नाही.

पायांची एक जोडी मात्र हलली नाही. वरोरची मासेवाली, बोंबलांची टोपली माझ्या नाकाशी ठेवून बसलेली. नाटक तिथंच बंद पडलं. फळी निघाल्यावर आधी तिच्याकडं गेलो.

"मावशी, आवडलं वाटतं?"

"छट. पायाला मुंग्या आल्या, उठवंना." टोपली उचलताना थांबली. "पण त्या पोरीला बापानं घरात घेतली का नाय?"

नाटकात बाप दार लावतो. दत्तूचं अडलेलं वाक्य मला तेव्हा कुठं आठवलं. पण तिचं तोंड बघून मी म्हणालो, "घेतली."

मास्तर चिडले. "अरे, मग तिसरा अंक सगळा नवा लागेल."

"लागू दे," म्हटलं. "घ्या लिहून."